इयागोच्या सुडाचे कारण कोणते?

नाटकाच्या अखेरच्या प्रवेशात सारे उघडकीस आलेले असते. पलंगावर डेस्डिमोनाचे कलेवर आहे, तिच्याच शेजारी एमिलियाचे. ज्याने हे सारे घडवून आणले तो इयागो पहाऱ्यात उभा आहे. ऑथेल्लो त्याच्याशी थेट बोलत नाही. तो भोवतीच्या मंडळींनाच विनवितो, की या अर्ध्या सैतानाला एवढेच विचारा, माझ्या देहाला आणि आत्म्याला त्याने जाळ्यात का पकडले? इयागो उत्तरतो, की मला काही विचारू नका, जे कळले ते कळले, यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही. आणि तो खरोखरच बोलत नाही. संपूर्ण नाटकात नायकापेक्षाही अधिक ओळी ज्याच्या वाट्याला आल्या, तो माणूस एकमेव महत्त्वाच्या प्रश्नावर तोंड मिटून घेतो.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा पहिला नोंदलेला प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात, राजा पहिला जेम्स याच्या दरबारी झाला. नाटक छापले गेले ते शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये. पुढच्याच वर्षी निघालेल्या त्याच्या समग्र नाटकांच्या संग्रहातही ते आले. तेव्हापासून आजपर्यंत इयागोच्या हेतूंवर जेवढे लिहिले गेले, तेवढे फार थोड्या खलनायकांविषयी लिहिले गेले असेल. अडचण कारणे सापडत नाहीत ही नाही. ती प्रमाणाबाहेर सापडतात, ही आहे.

बढतीची तक्रार

पडदा उघडतो तेव्हा इयागो रोडरिगोपाशी आपले गाऱ्हाणे मांडीत असतो. व्हेनिसच्या सेवेतील मूर सेनापती ऑथेल्लो याला एक नायब नेमायचा होता. इयागोसाठी शहरातील तीन बड्या असामींनी शब्द टाकला होता. ऱ्होड्स, सायप्रस अशा ठिकाणी इयागो ऑथेल्लोच्या डोळ्यांदेखत लढलेला. तरीही जागा मिळाली फ्लॉरेन्सच्या मायकेल कॅशिओला. कॅशिओचे युद्धज्ञान इयागोच्या मते केवळ पुस्तकी. त्याने रणांगणावर कधी एक तुकडीदेखील उभी केलेली नाही. इयागोच्या पदरी पडले सेनापतीचा झेंडा सांभाळणाऱ्या निशाणबरदाराचे पद. आता सेवाज्येष्ठतेला कोण विचारतो, सारे वशिल्यावर आणि मर्जीवर चालते, असे तो बोलून दाखवितो. कोणत्याही सरकारी कचेरीच्या उपाहारगृहात ऐकू यावे असेच हे बोलणे आहे, आणि प्रेक्षकाला ते चटकन पटते.

मात्र ते कोणापुढे बोलले जाते हेही पाहावयास हवे. रोडरिगो हा डेस्डिमोनावर भाळलेला श्रीमंत, भोळसट तरुण. तिच्याशी गाठ घालून देण्याच्या आमिषाने इयागो त्याची थैली रिकामी करीत आहे. तिने मूराशी गुपचूप लग्न केल्याची बातमी फुटताच रोडरिगो बिथरतो. तू ऑथेल्लोचा द्वेष करतोस असे सांगत होतास ना, असा त्याचा सवाल आहे. तेव्हा बढतीची कहाणी पुढे येते. ती खोटी असेलच असे नाही, पण ती एका गिऱ्हाइकाची समजूत घालण्यासाठी सांगितलेली आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. दुसऱ्या अंकातच इयागो कॅशिओला दारू पाजून दंगा घडवून आणतो आणि कॅशिओचे पद जाते. तिसऱ्या अंकात रुमालाची बनावट हकीकत सांगून तो ऑथेल्लोच्या मनात विष कालवितो. त्याच प्रवेशाच्या शेवटी ऑथेल्लो इयागोला आपला नायब नेमतो. म्हणजे जे पद मिळाले नाही म्हणून हे सारे आरंभिले, ते पद नाटक बरेच उरले असतानाच हाती येते. प्रतिस्पर्धी बडतर्फ झाला, अन्याय दूर झाला. हिशेब बढतीचाच असता, तर तो येथे चुकता झाला होता. पण इयागो थांबत नाही. चौथ्या अंकात ऑथेल्लो पत्नीला विष देण्याचा विचार बोलून दाखवितो, तेव्हा विष नको, जो बिछाना तिने विटाळला त्याच बिछान्यात तिचा गळा दाब, असे हा नवा नायब सुचवितो. ज्या डेस्डिमोनाने त्याचे काडीचेही वाईट केले नव्हते, तिच्याविषयीचे हे बोलणे आहे.

स्वगतातील 'आणि'

रंगमंचावर एकटा असतो तेव्हा इयागो वेगळे बोलतो. शेक्सपिअरच्या रंगभूमीचा संकेत असा, की पात्र दुसऱ्याशी खोटे बोलेल, पण स्वगतात प्रेक्षकांना फसविणार नाही. म्हणून समीक्षकांची सारी भिस्त या स्वगतांवर. पहिल्या अंकाच्या अखेरीस इयागो म्हणतो, की आपण मूराचा द्वेष करतो. आणि लोकांत असेही बोलले जाते, की त्याने आपल्या शय्येवर आपली जागा घेतली. हे खरे की खोटे आपल्याला ठाऊक नाही, पण अशा बाबतीत नुसता संशयही आपण खात्रीसारखाच मानणार, अशी पुस्ती तो जोडतो.

या वाक्याच्या जोडणीत बरेच काही दडले आहे. द्वेष करतो 'कारण' तसे बोलले जाते, असे इयागो म्हणत नाही. द्वेष करतो 'आणि' तसे बोलले जाते, असे म्हणतो. द्वेष आधीच ठाण मांडून बसलेला आहे. अफवा मागाहून येऊन त्याच्या शेजारी बसते. भाषांतर करताना या 'आणि'चा 'कारण' करण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि तसे केले की इयागो एकदम सुबोध होऊन जातो. तेथेच तो हातचा निसटतो.

दुसऱ्या अंकातील स्वगतात कारणांची गर्दी होते. मूर स्वभावाने एकनिष्ठ, प्रेमळ आणि उदार आहे, अशी कबुली आधी येते. डेस्डिमोनासाठी तो उत्तम पती ठरेल, असेही इयागो म्हणतो. मग तो सांगतो, की आपलाही तिच्यावर जीव आहे; निव्वळ वासनेने नव्हे, तर काही अंशी सुडाची भूक भागविण्यासाठी. पत्नीबद्दलचा संशय आतडी कुरतडणाऱ्या विषासारखा जाळतो आहे. तेव्हा पत्नीच्या बदल्यात पत्नी, अशी फिटंफाट झाली पाहिजे. ते न जमल्यास मूराला असा मत्सर जडवायचा, की विवेकाने तो बरा होऊ नये. जाता जाता आणखी एक शंका येते: कॅशिओचेही आपल्या बायकोशी काही असावे. ही शंका पुढे पुन्हा कधी डोके वर काढीत नाही. पाचव्या अंकात कॅशिओला मारण्यासाठी नवीच सबब निघते, की त्याच्या जगण्यात रोजचेच असे काही सौंदर्य आहे, ज्यापुढे आपण कुरूप दिसतो.

ही शेवटची सबब इतरांहून निराळी आहे. बढती, अफवा, पत्नी या गोष्टी बाहेरच्या आहेत. त्या सिद्ध तरी करता येतात किंवा खोडता तरी येतात. येथे प्रथमच इयागो स्वतःकडे पाहतो. एरवी थंडपणे डाव रचणाऱ्या या माणसाच्या तोंडून तो एकच कबुलीजबाब निसटला असावा असे वाटते.

एमिलियाला काय ठाऊक होते?

पत्नीविषयीचा संशय हा इयागोने आयत्या वेळी रचलेला बनाव होता काय? नाटकात याचे उत्तर आहे. चौथ्या अंकात ऑथेल्लोने डेस्डिमोनाला नको नको ते बोलल्यावर एमिलिया संतापते. कोणीतरी बदमाशाने पद मिळविण्यासाठी ही निंदा रचली असणार, असे ती म्हणते. तो बदमाश तेथेच शेजारी, तिच्या नवऱ्याच्या रूपाने उभा आहे. त्याच ओघात ती इयागोला आठवण करून देते, की अशाच एका सद्गृहस्थाने तुझी मती फिरविली होती आणि माझा मूराशी संबंध असल्याचा संशय तू घेतला होतास. म्हणजे संशय जुना होता आणि तो घरात बोलून दाखविला गेला होता. मात्र त्याला आधार असल्याची एकही खूण संपूर्ण नाटकात सापडत नाही.

तिसऱ्या अंकात, ऑथेल्लोचे वागणे पाहून गोंधळलेली डेस्डिमोना म्हणते, की आपण त्याला संशयाला कधीच कारण दिले नाही. त्यावर एमिलिया सांगते, की संशयी माणसाला अशा उत्तराने समाधान मिळत नसते. तो काही कारण घडले म्हणून संशय घेत नाही, तो संशयी असतो म्हणून संशय घेतो. हा राक्षस आपल्याच पोटी आपण जन्मतो. बोलणे ऑथेल्लोविषयी चालले आहे. पण ऑथेल्लोला मत्सर जडून काही तासच झाले आहेत. एवढ्या अनुभवावर असे ठाम निदान करता येत नाही. एमिलिया हे शिकली आहे ती आपल्या संसारात.

या अंगाने पाहिले की इयागो आणि ऑथेल्लो यांच्यातील अंतर कमी होते. केवळ संशयाला खात्री मानून सूड घेणे, हे ऑथेल्लोच्या हातून पाचव्या अंकात घडते. इयागोने ते पहिल्या अंकातच जाहीर केलेले आहे. ऑथेल्लो निदान पुरावा मागतो, डोळ्यांनी दिसेल असे काही दाखव म्हणून इयागोचा गळा धरतो. इयागो स्वतःसाठी तेवढाही पुरावा मागत नाही. जो रोग तो दुसऱ्याला देतो, तो त्याला आधी झालेला आहे. फरक इतकाच, की त्याला तो देणारा कोणी दिसत नाही.

शेक्सपिअरने काय वगळले?

'ऑथेल्लो'चे कथानक शेक्सपिअरचे नव्हे. इटालियन लेखक जिराल्डी चिंथिओ याच्या 'हेकातोम्मिथी' या १५६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहातून ते आले. त्या कथेत डिस्डेमोना सोडल्यास प्रमुख पात्रांना नावे नाहीत. मूर, निशाणबरदार, नायक एवढेच. तेथे निशाणबरदाराचा हेतू स्वच्छ आहे. त्याचे डिस्डेमोनावर मन बसते, ती त्याच्याकडे लक्ष देत नाही, तिचे त्या नायकावर प्रेम असावे अशी त्याची समजूत होते आणि प्रेमाचे रूपांतर द्वेषात होते. मूराविषयी त्याला फारसा राग नाही. सूड तिच्यावर आहे. ती त्याच्या तीन वर्षांच्या मुलीला खेळवीत असताना तो तिच्या कमरेचा रुमाल काढून घेतो.

नाकारलेल्या प्रेमाचे हे सरळ, कोणत्याही प्रेक्षकाला पटणारे कारण शेक्सपिअरच्या हाती तयार होते. त्याने ते जवळजवळ पुसून टाकले. दुसऱ्या अंकातील स्वगतात त्याचा एक ओझरता उल्लेख तेवढा ठेवला आणि सुडाचा रोख स्त्रीकडून मूराकडे वळविला. आशय संदिग्ध झाला तो लेखकाच्या निष्काळजीपणामुळे, असे मग म्हणता येत नाही.

टीकाकारांची मते

टॉमस राइमर या टीकाकाराने १६९३ मध्ये या नाटकाची यथेच्छ टवाळी केली. सैनिक कधी इतका कपटी असतो काय, असा त्याचा आक्षेप होता. त्या टवाळीला आज विनोदापलीकडे मोल नाही. खरी चर्चा सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. कवी कोलरिज याने आपल्या प्रतीच्या समासात एक टिपण केले, की इयागोचे स्वगत म्हणजे हेतू नसलेल्या दुष्टपणाने चालविलेला हेतूंचा शोध आहे. समासातील ते टिपण पुढे अनेक ग्रंथांपेक्षा प्रसिद्ध झाले. विल्यम हॅझलिट याने १८१७ मध्ये थोडा वेगळा सूर लावला. इयागोला सत्तेची हौस आहे. इतर लोक नाटके लिहितात, तो जिवंत माणसे घेऊन शोकांतिका रचतो आणि त्यातच त्याला रस वाटतो, असा त्याचा रोख होता. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ च्या आपल्या व्याख्यानग्रंथात या दोन्ही मतांना मुरड घातली: इयागोचा दुखावलेला अहंकार आणि आपल्या श्रेष्ठत्वाची खातरी पटवून घेण्याची गरज, हे त्यांच्या मते मूळ. आपण स्वतः का वागतो हे इयागोलाही नीटसे ठाऊक नाही, हा ब्रॅडलींचा मुद्दा आजही टिकून आहे.

बर्नार्ड स्पिव्हॅक यांनी १९५८ मध्ये वेगळीच वाट धरली. मध्ययुगीन इंग्रजी नीतिनाट्यांत 'दुर्गुण' नावाचे एक पात्र असे. ते प्रेक्षकांशी गप्पा मारी, आपले डाव आधी सांगे आणि हसत हसत माणसाला नरकात ढकली. त्याला हेतूची गरजच नव्हती. दुर्गुण असणे हाच त्याचा व्यवसाय. इयागो त्याच्याच कुळातला, पण त्याच्या अंगावर मानवी स्वभावाचे कपडे चढविलेले आहेत, म्हणून त्याची कारणे ढगळ दिसतात. हे उत्तर चतुर आहे, पण नटाला त्याचा उपयोग होत नाही. रंगमंचावर 'दुर्गुण' उभा करता येत नाही. अठ्ठावीस वर्षांचा, विवाहित, हसतमुख शिपाईगडी उभा करावा लागतो, ज्याला सारे जण वारंवार 'प्रामाणिक इयागो' म्हणतात.

वर्णद्वेषाचा प्रश्न अलीकडे अधिक विचारला जातो. पहिल्याच प्रवेशात इयागो डेस्डिमोनाच्या बापाला झोपेतून उठवून तिच्या लग्नाचे वर्णन जनावरांच्या उपमांनी करतो. ते ऐकवत नाही इतके गलिच्छ आहे. मात्र वर्णद्वेष हे त्याच्या सुडाचे कारण की साधन, हे ठरविणे कठीण. बापाच्या मनात काय दडले आहे हे तो अचूक ओळखतो आणि तेच बाहेर काढतो. २०१५ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने लुशियन एमसामाटी या कृष्णवर्णीय नटाला इयागोची भूमिका दिली. ऑथेल्लो होते ह्यू क्वार्शी. दोघांचा वर्ण एक झाल्याने वर्णाचे सोपे उत्तर बाजूला पडले आणि जुना प्रश्न पुन्हा उघडा झाला.

कारण पुरविणारे कलावंत

रिकामी जागा भरण्याचा मोह थोरामोठ्यांनाही आवरलेला नाही. जुझेप्पे व्हेर्दी याचा 'ओतेल्लो' हा ऑपेरा १८८७ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात सादर झाला. त्याच्या संहिताकार बोइतोने इयागोच्या तोंडी एक स्वतंत्र गाणे घातले. क्रूर देवाने आपल्याला आपल्याच प्रतिमेनुसार घडविले, अशी त्यात इयागोची श्रद्धा आहे. शेक्सपिअरच्या संहितेत याला आधार नाही. पण गाणे इतके जबरदस्त आहे, की तक्रार करणे जड जाते.

१९३८ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए इयागो होते आणि राल्फ रिचर्ड्सन ऑथेल्लो. दिग्दर्शक टायरन गथ्री व ऑलिव्हिए यांनी मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्स यांचा सल्ला घेतला. इयागोच्या द्वेषामागे ऑथेल्लोबद्दलचे अबोध आकर्षण आहे, असे जोन्स यांचे म्हणणे होते. रिचर्ड्सन यांना मात्र याची कल्पना देण्यात आली नव्हती, असे सांगतात. प्रयोग फारसा गाजला नाही.

विशाल भारद्वाज यांच्या 'ओंकारा'ने (२००६) उलट दिशा पकडली. पश्चिम उत्तर प्रदेशातील राजकीय गुंडगिरीच्या त्या जगात ओंकारा आपला 'बाहुबली' म्हणून लंगडा त्यागीऐवजी शहरात शिकलेल्या केसू फिरंगीला निवडतो. सैफ अली खानने रंगविलेल्या त्यागीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते ते पाहिल्यावर दुसरे कारण शोधावेसे वाटत नाही. पत्नीविषयीच्या संशयाला या चित्रपटात थारा नाही. इंदू आणि ओंकारा यांचे नाते भावाबहिणीसारखे आहे. चित्रपट त्यामुळे अधिक घट्ट झाला. इयागो मात्र थोडा लहान झाला.

मराठी रंगभूमीवर

शेक्सपिअरचे मराठीत आलेले पहिले नाटक 'ऑथेल्लो'च. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे भाषांतर १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. गोविंद बल्लाळ देवल यांचा 'झुंझारराव' १८९० चा. तो कोरडे भाषांतर न राहता रंगभूमीवर गाजला. पुढे वि. वा. शिरवाडकरांनीही हे नाटक मराठीत आणले.

देवलांच्या बाबतीत एक योग नोंदण्याजोगा आहे. 'झुंझारराव' लिहिणाऱ्या याच नाटककाराने पुढे 'फाल्गुनराव' लिहिले आणि त्याचेच १९१६ मध्ये 'संशयकल्लोळ' झाले. एक तसबीर भलत्याच्या हाती पडते, फाल्गुनराव आपल्या बायकोवर, कृत्तिकेवर संशय घेतो आणि प्रेक्षक हसून बेजार होतो. रुमालाच्या जागी तसबीर आली, एवढाच काय तो फरक. फाल्गुनरावाला कोणी इयागो लागत नाही. संशयाचे सारे काम तो एकटाच करतो. एमिलियाच्या बोलण्याचे हे विनोदी प्रात्यक्षिकच म्हणावयास हवे.

मराठी प्रेक्षकाला अस्सल सूडबुद्धीचा खलनायक दाखवायचा तर राम गणेश गडकऱ्यांच्या 'भावबंधना'तील घनःश्याम आठवतो. लतिकेने त्याच्या रूपावरून केलेला अपमान त्याच्या मनात सलत राहतो आणि तो सूडाला प्रवृत्त होतो. गडकऱ्यांच्या निधनानंतर बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या या नाटकात चिंतामणराव कोल्हटकरांनी घनःश्याम अजरामर केला. त्याच्या सुडाचे कारण एका वाक्यात सांगता येते, आणि म्हणून त्याच्याबद्दल थोडी कणवही वाटते. इयागोविषयी तशी कणव वाटावी अशी सोय शेक्सपिअरने ठेवलेली नाही.

चिंथिओच्या कथेत निशाणबरदार पुढे भलत्याच एका प्रकरणात पकडला जातो आणि त्या छळातून मरतो. त्याच्या पत्नीला आरंभापासून सारे ठाऊक असते, पण नवऱ्याच्या भीतीने ती गप्प राहते. तो मेल्यावरच ती हकीकत सांगते. शेक्सपिअरने हा क्रम उलटा केला. त्याची एमिलिया, रुमाल आपणच नवऱ्याला दिला हे सर्वांसमक्ष बोलते आणि त्याच क्षणी इयागोची तलवार तिच्या अंगात शिरते. इयागोवर ऑथेल्लो वार करतो, पण तो मरत नाही. आपल्याला रक्त आले तरी प्राण गेला नाही, हे तो स्वतःच ऐकवितो. सायप्रसची सत्ता कॅशिओकडे जाते. यातना दिल्या की ओठ उघडतील, असे व्हेनिसहून आलेल्यांपैकी एक जण म्हणतो. त्या यातनांची वेळ, जागा आणि पद्धत ठरविण्याचे काम कॅशिओवर सोपविले जाते आणि पडदा पडतो.